मी मटण सोडलं ते वर्ष

शाळेतल्या मुलींना वाटायचं, आमच्या घरी रोज मटण शिजतं. "तुमचं काय बाई, मनात आलं की कापायचं," असं त्या मला तोंडावर म्हणायच्या. दारात शे-सव्वाशे मेंढरं दिसायची, तेव्हा त्यांचंही फारसं चुकत नव्हतं. पण मेंढरू म्हणजे आमच्या आबांचा पगार, आणि पगार कुणी चिरून खात नाही. पाहुणा आला, बिरोबाची कंदुरी निघाली, नाहीतर एखाद्या जनावराचा पाय असा मोडला की आता हे चालणार नाही असं आबांनीच सांगितलं, तरच आमची चूल त्या वासानं भरायची. वर्षातून पाच-सहा वेळा. एरवी ज्वारीची भाकरी, अंबाडीची नाहीतर तांदुळजाची भाजी, शेंगाची चटणी, आणि थंडीत हुलग्याचं माडगं. आमची वस्ती तेरणेच्या काठाला होती, तेरपासून तासाभराच्या पायवाटेवर. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, लिंबाचं झाड आणि त्यापलीकडं मेंढरं कोंडायची वाघर, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण. सकाळी ती वाघर सुटली की सव्वाशे तोंडं एकदम ओरडायची. आज मी धाराशिवला तिसऱ्या मजल्यावर राहते आणि खालून ऑटोंचे भोंगे येतात, पण मला अजून जाग त्याच वेळेला येते.

मटण शिजायचं त्या दिवशी मात्र घराला दुसरंच रूप यायचं. माय सकाळपासून कुणाशी बोलायची नाही. खोबऱ्याची वाटी विस्तवावर धरून काळी करायची, कांदे सालासकट निखाऱ्यात पुरायची, आणि पाट्यावर वरवंटा फिरायला लागला की तो आवाज पार नदीपर्यंत जायचा. रस्सा दाट करायला ती येसूर टाकायची. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ तिच्या हातचं होतं. शेजारच्या वस्त्यांवरच्या बाया वाटीभर मागून न्यायच्या. आबा जेवायला बसले की रश्श्यातली नळीची हाडं निवडून माझ्या ताटात टाकायचे. मी धाकटी, थोरला शिवादादा धाराशिवला एका कचेरीत शिपाई म्हणून लागलेला, त्यामुळं नळीवर हक्क माझा एकटीचा. नळी ओठांना लावून जोरात ओढली की आतला मऊ गर सपकन जिभेवर यायचा. मला तो इतका आवडायचा, की पाहुणे येणार म्हटलं की मी आधी नळ्या मोजायची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं लोक म्हणायचे, पारूला पहिल्यापासूनच मटणाचा कंटाळा होता. तसं अजिबात नव्हतं.

मी दहावीला होते त्या थंडीत एक मेंढी अडली. दुपारपासून कळा देत होती, पण पिल्लू पुढं सरकेना. आबांनी तेल लावून हात घालून बघितला. त्यांचे हात रुंद, बोटं कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी. मेंढी कळवळली तसा त्यांनी हात काढून घेतला आणि मला हाक मारली. "पारू, तुझा हात बारीक हाय. इकडं ये." मी शाळेच्या कपड्यांतच होते. त्यांनी माझ्या कोपरापर्यंत गोडं तेल चोपडलं, मला मेंढीच्या मागं गुडघ्यावर बसवलं आणि म्हणाले, "डोळं झाक. हातानं बघ." आत विलक्षण गरम होतं. मला आधी काहीच उमगेना. मग एक खूर लागला, दुसरा मागं दुमडलेला होता. आबा सांगत होते तसं मी तो खूर मुठीत धरून हळूहळू पुढं ओढायला लागले. तेवढ्यात माझं मोकळं राहिलेलं बोट पिल्लाच्या तोंडाजवळ गेलं आणि त्यानं ते चोखलं. अजून जन्माला आलेलं नव्हतं, आणि चोखत होतं. मी डोळे उघडले. आबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काय नाय." पाय सुटला, पुढच्या दोन कळांत कोकरू बाहेर आलं, आबांनी त्याच्या नाकातला चिकटा पुसला, आणि मी हातपाय धुऊन अभ्यासाला बसले. त्या कोकराचं पुढं काय झालं ते मला आठवत नाही. वाढलं असेल, विकलं असेल. मी त्याला नाव ठेवलं नव्हतं की त्याच्या मागं मागं फिरले नव्हते.

त्यानंतर महिन्याभरानं मोठी आत्या मुक्कामाला आली आणि मटण शिजलं. आबांनी नेहमीसारखी नळी माझ्या ताटात टाकली. मी ती ओठांना लावली, ओढायला गेले, आणि बोटावर तेच चोखणं आलं. दुसरं काहीच नाही. किळस आली नाही, रडू आलं नाही, फक्त ओढता येईना. मी नळी खाली ठेवली आणि पोट बिघडलंय असं सांगितलं. आत्यानं ओवा दिला. पुढच्या वेळी दाढ दुखते म्हटलं. तिसऱ्या वेळी मायच म्हणाली, "आज काय दुखतंय ते आधीच सांग." तेव्हा मी खरं सांगितलं, की मी आता मटण खाणार नाही. माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबलाही नाही. "बरं," म्हणाली, जसं एखादं पोर म्हणतं मी आता शाळेला जाणार नाही आणि आपण म्हणतो, बरं.

ते बरं आठ-पंधरा दिवसच टिकलं. मी खरंच खात नाही हे लक्षात आल्यावर माय हादरली. आधी तिला वाटलं, बाहेरचं काही लागलंय. तिनं अंगारा आणून माझ्या कपाळाला लावला, लिंबू उतरून टाकलं. मग तिला वाटलं, तेरच्या शाळेत कुणी काही शिकवलं. "कोण हाय ती पोरगी? तिच्यात खात नसतील, आपल्यात खात्यात." मी म्हटलं, कुणी नाही. मग ती लग्नावर आली. धनगराच्या घरी मटण न खाणारी सून कोण करील, पाहुण्यांपुढं ताट ठेवताना नाक मुरडणारी बाई कुणाला चालेल. मी सांगत होते, की मी नाक मुरडत नाही, शिजवीन, वाढीन, मला फक्त खायचं नाही. ते तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. तिच्या लेखी खाणं आणि वाढणं ही एकच गोष्ट होती. आपण खातो ते दुसऱ्याला देतो, म्हणून त्याला जेवण म्हणायचं.

मग एका दुपारी वरणाला वेगळी चव लागली. मी दुसरा घास घेतला आणि मायकडं बघितलं. ती चुलीकडं तोंड करून बसली होती. मी विचारलं, "माय, यात काय घातलंस?" ती म्हणाली, "काय घालायचंय? तुरीची डाळ हाय." मी वाटी घेऊन तिच्या पुढ्यात ठेवली. तेव्हा ती म्हणाली, "पळीभर रस्सा. तुझी हाडं दिसाया लागल्यात, मला बघवंना." मी ताट सरकवून उठले. त्या दिवसानंतर दोनेक महिने मी मायच्या हातची पातळ भाजी खाल्ली नाही. भाकरी, चटणी, कच्चा कांदा, मिळालं तर दही. ती रोज पातेलं पुढं करायची आणि मी रोज नको म्हणायची. तिच्या पदार्थांवर माझा विश्वास उरला नाही, हे तिला मटण सोडण्यापेक्षा जास्त लागलं असावं. हे मला आता कळतं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि माझंच खरं होतं.

आबा या सगळ्यात एक शब्द बोलत नव्हते. नळी माझ्या ताटात टाकायची त्यांनी गुपचूप बंद केली, इतकंच. एकदा शिवादादा सुट्टीला आला असताना माय त्याला माझी गाऱ्हाणी सांगत होती, आणि तो मला समजावत होता, की कचेरीतले मोठे साहेबसुद्धा खातात. तेव्हा आबा पडवीतून आत आले. खांद्यावरचं घोंगडं खुंटीला अडकवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्हंजी आमी पापी. तुझा बाप, आजा, पणजा, समदं पापी. आसंच ना?" मी तसं कधी म्हटलं नव्हतं, पण मी तसं मानत नाही हे कसं सांगायचं तेही कळेना. आबा बाहेर गेले. त्या रात्री ते जेवलेच नाहीत.

मायनं शेवटी तिच्या भावाला बोलावलं. आमचे मामा माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला उपास, कांदा-लसूणही वर्ज्य. धनगरांत असे थोडे होते, पण होते, आणि त्यांना कुणी नावं ठेवत नव्हतं. मायचा हिशेब सरळ होता. पारूला माळ घातली की लोकांचं तोंड बंद. माळकरीण आहे म्हटलं की सोयरेही निमूट वांग्याची भाजी खातील. मामा आले, चहा घेतला, पिशवीतून नवी माळ काढून माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "घालायची का?" माझ्यापुढं सगळी सुटका ठेवलेली होती. हो म्हणायचा अवकाश, घरातलं भांडण मिटलं असतं. मी विचारलं, "मामा, माळ घातली की काय काय करावं लागतं?" त्यांनी सांगितलं. हरिपाठ, एकादशी, नेम. मी म्हटलं, "मला त्यातलं काही मनापासून होणार नाही. मला फक्त मटण खाववत नाही." मायनं कपाळावर हात मारला. "आगं, घालून टाक की. देव काय मोजाया येतोय?" पण मामांनी माळ उचलली आणि पिशवीत परत ठेवली. "आक्का," ते मायला म्हणाले, "माळ म्हंजी काय चादर न्हाय, आपलं झाकायला अंगावर घ्यायची. पोरगी खरं बोलतीया. मी घालणार न्हाय." माय त्यांच्यावर दोन वर्षं रुसली होती.

पुढच्या रविवारी मी आबांबरोबर मेंढरांमागं गेले. लहानपणी जायची, दहावीला लागल्यापासून सुटलं होतं. आम्ही नदीपलीकडच्या माळाला होतो. मेंढरं पांगून चरत होती, मध्येच आबांची शीळ जायची आणि कडेची चार-दोन पुन्हा आत वळायची. दुपारी बाभळीखाली भाकरी सोडली. मी आधी ठरवून गेले होते, शब्दही जुळवले होते, पण बोलताना ते सगळं गेलं. मी नुसतं सांगितलं, की त्या दिवशी मेंढीच्या पोटात त्या पिल्लानं माझं बोट चोखलं, आणि आता नळी तोंडाला लावली की ते आठवतं. तुम्हाला पापी म्हणायला मी कोण. मला जमत नाही, एवढंच आहे.

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "चोखतंय ते," ते म्हणाले. "जितं असंल तर चोखतंय. त्यावरनंच वळखायचं, जितं हाय का मेलेलं." मग म्हणाले, "म्या तुझ्याहून ल्हान व्हतो तवा माझा बी हात बारीक व्हता. माझ्या बापानं बी मलाच घालाया लावला. माझं बी बोट चोखलं." मी विचारलं, मग तुम्हाला काही वाटलं नाही? "वाटलं की. पण त्याच साली दुस्काळ पडला. घरात दाणा नव्हता. मेंढरं पटापट मेली, आन् मेलेली बी आमी खाल्ली. भूक लागल्यावर बोटाचं काय आठवतंय?" त्यांनी तो तुकडा चटणीला लावून तोंडात घातला, चावला. "तुला तशी भूक लागली न्हाय. माझ्या घरात लागली न्हाय. मंग बरंच झालं म्हणायचं." एवढं बोलून ते उठले, कारण दोन मेंढ्या कुणाच्या तरी हरभऱ्याकडं निघाल्या होत्या.

अलीकडं माझ्या भाचीच्या मुलीनं मोबाइलवर काहीतरी बघून मांसाहार सोडला. तिच्या आईनं एका शब्दानं विचारलं नाही, रात्री पनीर मागवलं. मला बरं वाटलं, आणि थोडं कसंतरीही झालं. मला एक गोष्ट सोडताना बापाच्या तोंडून त्याची भूक ऐकावी लागली. त्यानंतर ताटाला नको म्हणताना मी कधी मान वर करून म्हटलं नाही.

आबांशी माझं असं मिटलं, पण घरातलं वेगळं आणि चारचौघांतलं वेगळं. चैत्रात बिरोबाची कंदुरी आली. देवाला बकरं द्यायचं आणि सगळ्या भावकीनं मिळून माळावर जेवायचं, अशी ती आमच्या भागातली रीत. झाडाखाली दगडांच्या चुली, मोठाले हंडे, ढोल. देवापुढं ठेवलेला वाटा भावकीतले सगळ्यांत वडीलधारे तात्या स्वतःच्या हातानं एकेकाला द्यायचे. तो प्रसाद. त्याला नाही म्हणायचं नसतं. तात्या रांगेतून माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी तुकडा पुढं धरला. मी हात जोडले आणि म्हटलं, "तात्या, मी पाया पडते. पण मी खात नाही." ढोल वाजत होता तरी आजूबाजूच्या दहा-पंधरा जणांना ते ऐकू गेलं. तात्या आबांकडं वळले. "ही काय रीत? देवाचं नाकारती पोरगी. उद्या तुझ्या मेंढरांत रोग शिरला म्हंजी आमच्याकडं येऊ नगंस. घाल तिच्या तोंडात."

आबा पलीकडं हंडा उतरवत होते. त्यांनी हात पुसले आणि आले. मला वाटलं, आता ते मला विनवतील, एवढा एक घे म्हणतील. तसं ते म्हणाले असते तर मी घेतला असता, हे आज कबूल करते. माळावर सगळ्यांसमोर त्यांची मान खाली जाताना बघायची माझ्यात ताकद नव्हती. पण आबांनी तात्यांसमोर ओंजळ धरली. "तिचा वाटा माझ्या हातात द्या. मी खातो." तात्या म्हणाले, "आन् देवाला काय सांगू?" आबा म्हणाले, "देवाला सांगा, बकरू माझं व्हतं, ते म्या दिलं. पोरीचं तोंड तिचं हाय." तात्यांनी तुकडा त्यांच्या ओंजळीत टाकला आणि पुढच्या माणसाकडं गेले. आबांनी तिथंच उभ्यानं तो खाल्ला आणि परत हंड्याकडं गेले. त्या पावसाळ्यात आमची तीन मेंढरं दगावली. तशी दरवर्षी दोन-चार दगावायचीच, पण त्या वर्षी तात्यांनी ती बोटांवर मोजली.

कंदुरीत बायकांची पंगत शेवटी बसते. मी कोरडी भाकरी घेऊन कडेला बसले होते. माय आली, पदराआडून एक झाकलेलं भांडं काढलं आणि माझ्या ताटात येसराची आमटी वाढली. सगळे झोपलेले असताना पहाटे करून तिनं ती घरून आणली होती. तिनं मला खा म्हटलं नाही. स्वतःचं मटणाचं ताट घेऊन माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "बिरोबाच्या शपथंनं सांगते, यात काय न्हाय." मी भाकरी कुस्करली. आमटी गार झालेली होती आणि फार चांगली होती. मी दोनदा मागून घेतली.

बारावी झाल्यावर मला बघायला पाहुणे आले, परंड्याकडचे, सोनारीजवळचे. मोठी बागायत, मुलगा नोकरीला. आत्यानं मायला बजावून ठेवलं होतं, की खाण्याचा विषय काढू नकोस, लग्नानंतर हळूहळू कळेल. पोहे झाले, चहा झाला, मुलाचे वडील देण्याघेण्याकडं वळत होते. तेवढ्यात आतल्या दारात उभी असलेली माय बोलली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलायची नाही. "आमची पोरगी मटण खात न्हाय. माळ न्हाय, उपास न्हाय, आशीच खात न्हाय. चांगलं करून घालंल, पण स्वतः खाणार न्हाय. चालत असंल तर पुढचं बोला." पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. विचार करून कळवतो म्हणाले आणि त्यांनी कधीच कळवलं नाही. पुढं माझं लग्न झालं ते तेरच्याच एका मास्तरांशी. ते आठवड्याला खायचे आणि मी शिजवायची, त्यात आमचं कधी बिनसलं नाही.

पण त्या दिवशी जीप धुरळा उडवत गेली तशी आत्या मायवर तुटून पडली. एवढं चांगलं स्थळ घालवलंस, गप्प बसायला काय झालं होतं. माय कपबशा गोळा करत होती. ती म्हणाली, "वन्सं, मेंढरू इकताना आमी तोंड उघडून दात दाखवून इकतो. पोरगी काय त्याच्याहून हलकी हाय?" आणि कपबशांचा ढीग माझ्या हातात देऊन मोरीकडं जा म्हणाली.